शून्य नंबरचं मशीन : कॉलेजच्या लॅबमधली अठ्ठावन्न व्हीएम आणि एक बेस इमेज

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं कॉलेज. नाव देत नाही, देण्याची गरजही नाही. मी तिथे तासिका तत्त्वावर शिकवत होतो आणि लॅबचं 'जरा बघत जा' हे न लिहिलेलं कामही माझ्याच गळ्यात होतं. शेवटच्या वर्षाला लिनक्स ॲडमिनिस्ट्रेशनचं प्रॅक्टिकल. विषयच असा की प्रत्येक पोराला रूटचा, म्हणजे मशीनवरच्या सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड द्यावा लागतो, आणि रूट दिला की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सगळ्या सेटिंग्जचं 'ईटीसी' फोल्डर उडवून मोकळा होतो. म्हणून ज्याचं त्याला स्वतंत्र व्हर्च्युअल मशीन (व्हीएम), म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा सॉफ्टवेअरचा कॉम्प्युटर. पोरं ५८, बॅचा तीन.

आधीची पद्धत पेनड्राइव्हची होती. एक तयार इमेज, म्हणजे व्हीएमची अख्खी डिस्क एका फाइलीत, घ्यायची, प्रत्येक डेस्कटॉपवर कॉपी करायची, नाव बदलायचं. दोन दिवस त्यातच जायचे. पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असला तर चार जीबीच्या वरची फाइल तो घेतच नाही, हा धडा दर वर्षी कोणीतरी नव्याने शिकायचा.

मी ठरवलं, एकच सर्व्हर करायचा. सर्व्हर म्हणजे काय, जरा बरा डेस्कटॉप: ३२ जीबी रॅम, २४० जीबीची एसएसडी, कूलरच्या वाऱ्याच्या थेट झोतात येणार नाही अशा कोपऱ्यात ठेवलेला. त्यावर उबंटू २२.०४ हे लिनक्स आणि व्हीएम चालवणारं केव्हीएम. केव्हीएम २००७ पासून लिनक्स कर्नलमध्येच आहे, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद होतं ते चालू केलं, एवढंच. एका व्हीएमला एक जीबी रॅम धरली तरी वीस पोरांची बॅच आरामात चालते. पोरं आपल्या डेस्कटॉपवरून एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून लॉगिन करून, आत शिरणार.

अडचण डिस्कची. बेस इमेज, म्हणजे सगळ्यांसाठीची मूळ तयार डिस्क, कागदावर २० जीबीची, प्रत्यक्षात जागा खायची ४.६ जीबी. ५८ पूर्ण कॉपी म्हणजे २६७ जीबी, म्हणजे एसएसडीच्या बाहेर. त्यामुळे क्यूकाऊ-टू या फॉरमॅटमधली बॅकिंग फाइलची सोय वापरली. खाली एकच बेस, आणि त्याच्यावर प्रत्येक पोराचा एक पातळ थर, ज्याला ओव्हरले म्हणतात. पोरगा जे लिहितो ते फक्त त्याच्या थरात जातं. जे त्याने बदललेलं नाही ते बेसमधून वाचलं जातं. नवीन ओव्हरले सुरुवातीला शे-दोनशे केबीचा असतो. ५८ थर बनवायला स्क्रिप्टला मिनिटही लागलं नाही.

स्क्रिप्ट बॅशची होती, मीच लिहिलेली, नाव 'मशीन'. 'मशीन चालू २७' म्हटलं की सत्तावीस रोल नंबरचं मशीन उठायचं. 'मशीन बंद २७', 'मशीन नवीन २७', 'मशीन यादी'. लॅब असिस्टंटला, ज्यांना सगळं कॉलेज भाऊ म्हणतं, तेवढं पुरेसं होतं.

सुरुवातीच्या खोड्या थोडक्यात सांगतो, कारण हेच काम करणाऱ्या कुणाचाही त्यात एक दिवस जातो. इंटरनेटवर मिळणाऱ्या जुन्या कमांडी ओव्हरले बनवताना बेसचा फॉरमॅट सांगत नाहीत. केव्हीएमच्या जोडीने व्हीएम आणि इमेज सांभाळणारं सॉफ्टवेअर म्हणजे क्यूएमू. त्याच्या ६.१ आवृत्तीपासून हा फॉरमॅट मोठ्या एफच्या पर्यायाने सांगावाच लागतो, नाहीतर कमांड नकार देते. दुसरं, पहिल्या दिवशी वीस मशीनं उठली आणि मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डांचे नंबर) वेगवेगळे असूनही सगळ्यांना एकच आयपी मिळाला. कारण बेसमधला मशीन-आयडी सगळ्यांत तसाच उतरला होता, आणि उबंटू डीएचसीपीला, म्हणजे आयपी वाटणाऱ्या सेवेला, आपली ओळख त्यावरून सांगतं. बेस बंद करण्याआधी ती फाइल रिकामी करायची असते. व्हर्ट-सिसप्रेप नावाचं टूल हे काम करतं, पण ते सोबत एसएसएचच्या होस्ट-कीही, म्हणजे मशीनची ओळख पटवणाऱ्या किल्ल्याही, पुसतं आणि उबंटू त्या आपणहून परत बनवत नाही, म्हणून पहिल्या बूटला त्या बनवायची एक ओळ घालावी लागली.

आणि एक गोष्ट मी केली, जी त्या वेळी फार हुशारीची वाटली. बेसलाही नंबर दिला. शून्य. म्हणजे मला काही टाकायचं झालं तर 'मशीन चालू ०'.

अडचण कशी समोर आली

एप्रिल. उन्हाळी परीक्षेच्या प्रॅक्टिकलला नऊ दिवस उरलेले. एक्स्टर्नलकडून सॉफ्टवेअरची यादी आली, त्यात मारिया-डीबी हा डेटाबेस. आमच्या बेसमध्ये ते नव्हतं. एचओडी मॅडमनी भाऊंना सांगितलं, तेवढं टाकून घ्या. मी त्या दिवशी गावात नव्हतो.

गुरुवारी सकाळी सव्वाअकराला भाऊंचा फोन. "सर, काल त सगळं बराबर होतं. आज पोट्ट्याइच्या मशिनी काहीच्या काही करून रायल्या." मी विचारलं, काल काही केलं का? "मारिया टाकलं ना. झिरो नंबरवर टाकून देल्लं म्या. अठ्ठावन्न मशिनींवर एक-एक करून कायले टाकाचं?"

सांगायला हवं की भाऊंचा तर्क अगदी बरोबर होता. बेस सगळ्यांच्या खाली आहे, बेसमध्ये टाकलं की सगळ्यांना मिळेल. मीच त्यांना जानेवारीत फळ्यावर तसं समजावलं होतं. एकदा ओव्हरले बनले की बेसला हात लावायचा नाही, हे मात्र तोंडी सांगितलं होतं की नाही, हे मला आजही छातीठोक सांगता येत नाही.

लॅबमध्ये पोहोचलो तेव्हा दुपारचे दोन. एका पोराने स्क्रीन दाखवली. 'एलएस' मारलं तरी एकच उत्तर: 'स्ट्रक्चर नीड्स क्लीनिंग'. तो म्हणाला, "सर, हे म्हणून रायलं साफ करा. पुसू का मंग?" आणि खरंच त्याच्या हातात मॉनिटर पुसायचं फडकं होतं. मी हसलो नाही, तेव्हा हसण्यासारखं काही वाटत नव्हतं.

नेमकं काय बिघडलं

ओव्हरले फाइलींचे नाही तर डिस्कच्या तुकड्यांचे हिशेब ठेवतो. क्यूकाऊ-टूमध्ये एक तुकडा सहसा ६४ केबीचा. पोराने एखादी फाइल लिहिली की त्या फाइलीचा तुकडा, फोल्डरच्या यादीचा तुकडा, कुठली जागा मोकळी आहे त्या नकाशाचा तुकडा, एवढे सगळे त्याच्या थरात येतात. बाकी तुकडे बेसचे. आता बेसमध्ये मारिया-डीबी टाकल्यावर बेसचे नकाशे बदलले. पोराच्या थरात जानेवारीच्या बेसवर आधारलेला नकाशा, आणि खाली एप्रिलचा बेस. सातबारा एका वर्षाचा आणि मोजणीचा नकाशा दुसऱ्या वर्षाचा, दोन्ही जोडून शेताचा धुरा (बांध) शोधायला निघाल्यासारखं.

क्यूएमूने हे थांबवलं का नाही? ओव्हरलेमध्ये बेस फाइलचं फक्त नाव असतं, तिच्या आतल्या मजकुराची कुठलीही खूण नसते. व्हीएमडीके फॉरमॅटमध्ये बापाचा एक ओळख-क्रमांक लेकाकडे लिहिलेला असतो, तो जुळला नाही तर तक्रार होते. क्यूकाऊ-टूमध्ये ते नाही. २.१० पासून क्यूएमू चालू इमेजला कुलूप लावतं, त्यामुळे एकाही पोराचं मशीन चालू असतं तर शून्य नंबर उठलाच नसता. पण भाऊंनी शहाण्या माणसासारखं सगळं बंद झाल्यावर, संध्याकाळी काम केलं. काळजी घेतली म्हणूनच कुलूप उघडं मिळालं.

समोर काय पर्याय होते

पहिला, सगळं नव्याने. नवा बेस, नवे ५८ थर, एका मिनिटाचं काम. पण अंतर्गत गुणांचे छोटे प्रोजेक्ट त्याच मशीनांत होते, तीन महिन्यांचे. छापील जर्नल होतं, प्रोजेक्ट छापलेले नव्हते.

दुसरा पर्याय मॅडमनी सुचवला आणि खोलीतल्या प्रत्येकाला पटला: जे टाकलं ते काढून टाका, म्हणजे बेस पहिल्यासारखा होईल. भाऊ शून्य नंबर चालू करायला कीबोर्डकडे वळलेही होते. हा क्षण मला या साऱ्या प्रकरणात सर्वात महत्त्वाचा वाटतो. पॅकेज काढलं की फाइली जातात, पण डिस्क मागच्या अवस्थेत जात नाही. लॉग नवे, नकाशे नवे, मोकळी झालेली जागा वेगळी. नुसतं बूट करून बंद केलं तरी बेस बदलतो. काढायला गेलो असतो तर तिसराच बेस तयार झाला असता, आणि दुसराही हातचा गेला असता. मी म्हटलं, आता कोणीही कशालाही हात लावायचा नाही.

तिसरा, सगळ्या थरांवर आहे त्या बेससकट एफएसचेक, म्हणजे डिस्कचे हिशेब तपासून दुरुस्त करणारी कमांड, चालवायचं. हे म्हणजे जुळत नसलेल्या दोन कागदांवर शिक्का मारून ते जुळले असं जाहीर करणं. एफएसचेक सुसंगती आणतं, खरेपणा आणत नाही.

चौथा पर्याय माझ्या ड्रॉवरमध्ये होता. जानेवारीत बेस बनवून झाल्यावर, शनिवारी संध्याकाळी, मी त्याची एक कॉपी पेनड्राइव्हवर घेतली होती. ४.६ जीबी फॅट३२वर मावेना म्हणून कन्व्हर्ट कमांडने दाबून १.९ जीबीची केली होती. म्हणजे ही बॅकअप दूरदृष्टीने नाही, सवयीने घेतलेली. श्रेय घेत नाही. त्या शनिवारी मूळ बेसचं एसएचए-२५६, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा, तोही वहीत लिहून ठेवला होता.

वहीतला आकडा आणि पेनड्राइव्हवरच्या फाइलीचा आकडा जुळेना. अर्धा तास मी हात टेकून बसलो. मग डोक्यात प्रकाश पडला की जुळणारच नाही: कन्व्हर्ट केलेल्या फाइलीची आतली मांडणी वेगळी असते, व्हीएमला दिसणारी डिस्क मात्र तीच. ओव्हरलेला मांडणीशी देणंघेणं नाही, दिसणाऱ्या डिस्कशी आहे. त्यासाठी कंपेअर नावाची वेगळी कमांड आहे, पण तुलना करायला मूळ बेसच उरला नव्हता.

खरी शंका दुसरी होती. कॉपी शनिवारची, ओव्हरले सोमवारी सकाळी बनवलेले. मधे, सोमवारी, शेवटची नजर टाकायला म्हणून मी बेस एकदा उठवला होता का? आठवत नव्हतं.

काय केलं

आधी सगळ्या इमेज फाइली फक्त-वाचनीय केल्या. बिघडलेला बेस पुसला नाही, त्याला वेगळं नाव देऊन बाजूला ठेवला. त्याची शेवटची वेळ बुधवार संध्याकाळची होती, आणि ती वेळच उपयोगी पडली: त्यानंतर बदललेले ओव्हरले फाइंड कमांडने शोधले तर ११ निघाले. गुरुवारी सकाळी तेवढीच पोरं आली होती. लग्नसराईचे दिवस, बाकीची मांडवात. उरलेल्या ४७ थरांनी नवा बेस पाहिलेलाच नव्हता.

पेनड्राइव्हवरची इमेज सर्व्हरवर आणली. तिला जुन्याच नावाने ठेवलं असतं तर काहीच न करता सगळे ओव्हरले तिला चिकटले असते. मोह झाला. पण मग तपासलेला कोणता आणि न तपासलेला कोणता हे कळणार नव्हतं. म्हणून नाव दिलं 'बेस-व्ही१', आणि जुन्या नावाची फाइल जागेवर ठेवलीच नाही. ज्याची तपासणी झाली त्याच थराला रीबेस कमांडच्या 'यू' पर्यायाने नवं नाव सांगायचं. हा पर्याय डेटाला हात लावत नाही, फक्त थरातलं बेसचं नाव बदलतो, आणि चुकीचा बेस सांगितला तरी गुमान ऐकतो. बाकीचे थर बेस सापडत नाही म्हणून उठणारच नाहीत, हीच सुरक्षा.

४७ पैकी तीन थरांच्या कॉप्या घेतल्या, व्ही१ला जोडल्या, क्यूएमू-एनबीडीने डिस्कसारख्या लावल्या आणि सक्तीचं एफएसचेक चालवलं. पहिला स्वच्छ. दुसरा स्वच्छ. तिसरा चालू असताना लाइट गेली. लॅब अंधारात, सर्व्हर इन्व्हर्टरवर, आणि इन्व्हर्टरचा काही भरवसा नाही. पण काम कॉपीवर चाललं होतं, मूळ थर कुलपात होते, त्यामुळे मी भाऊंबरोबर बाहेर जाऊन चहा घेऊ शकलो. तिसराही स्वच्छ निघाला. वर एका कॉपीला बूट करून बसवलेल्या पॅकेजांच्या फायली तपासणारं 'डीपीकेजी व्हेरिफाय' चालवलं. बदललेल्या कॉन्फिग फायली सोडल्या तर ते गप्प राहिलं. म्हणजे सोमवारी मी बेस उठवला नव्हता. माझ्या आठवणीपेक्षा डिस्कवर विश्वास ठेवला.

मग ४७ थर एका लूपमध्ये: कॉपी, रीबेस, एफएसचेक, नोंद. रात्री साडेनऊला संपलं.

अकरा राहिले. त्यांच्यात जानेवारीच्या बेसवरचं लिखाण होतं आणि गुरुवारी सकाळच्या पाऊण तासाचं, चुकीच्या बेसवरचंही. तीन महिन्यांचं काम जुन्या बेसवरचं म्हणून त्यांच्याही कॉप्या व्ही१ला जोडल्या, एफएसचेकला दुरुस्ती करू दिली, आणि होम फोल्डर बाहेर काढला. मशीनं वाचवायची नाहीत, पोरांच्या फायली वाचवायच्या. या ११ जणांना नवे थर देऊन त्यात होम परत ठेवला.

आठ जणांचं सगळं मिळालं. तिघांच्या काही फायली 'लॉस्ट अँड फाउंड'मध्ये पडल्या होत्या, नाव हरवून नुसते आकडे झालेल्या. इथे कॉलेजची एक जुनी शिस्त कामी आली, जिला मी वर्षभर नावं ठेवली होती: प्रत्येक प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत रोल नंबर आणि प्रयोग क्रमांक. ग्रेपने रोल नंबर शोधला आणि फायली एकेक करून आपल्या मालकाकडे गेल्या.

मारिया-डीबी मग ५८ मशीनांवर टाकलंच, एक-एक करून, जे भाऊंना टाळायचं होतं तेच. फरक इतकाच की पॅकेजेस एकदाच उतरवून सर्व्हरवर एपीटी-कॅशर लावला आणि लूप रात्रभर चालू दिली.

निकाल

प्रॅक्टिकल ठरल्या तारखेला झालं. एका मुलीचे दोन प्रोग्राम कायमचे गेले. तिने ते जर्नलवरून पुन्हा टाइप केले, आणि मी तिच्याकडे माफी मागितली. गुरुवारच्या पाऊण तासातलं काहीच कोणाचं परत आलं नाही. एक्स्टर्नलला यातलं काही कळलं नाही.

मॅडमनी भाऊंना लेखी खुलासा मागायचं ठरवलं होतं. मी सांगितलं की खुलासा मी देतो. 'चालू २७' आणि 'चालू ०' ह्या दोन कमांडी बोटांना सारख्याच लागतात. एक एका पोराचं मशीन उघडते, दुसरी अठ्ठावन्न पोरांचं छप्पर काढते. एकाच दाराला दोन खोल्या मी लावल्या होत्या.

आज करायचं झालं तर

शून्य नंबर ठेवणारच नाही, आणि ठेवलाही नाही. बेस आता रूटच्या मालकीचा, त्यावर चॅटर कमांडने 'बदलू नये'चं चिन्ह, नावात आवृत्ती. बेसमध्ये भर घालायची तर 'मशीन नवाबेस' ही कमांड. ती आधी कॉपी करते, कॉपीलाच उठवते, आणि बंद झाल्यावर पुढचा आकडा देऊन कुलूप लावते. जुने थर जुन्याच बेसवर राहतात. बॅकअप घेतली की त्याच वेळी कंपेअर चालवून दोन्ही इमेज एकसारख्या आहेत हे तपासून लिहून ठेवायचं. ते जानेवारीत केलं असतं तर तो अर्धा तास आणि सोमवारची शंका, दोन्ही वाचलं असतं. प्रत्येक बूटला एसएचए मोजायचा विचार केला होता, पण ४.६ जीबी वीस वेळा वाचायला लावणं म्हणजे बॅचची पहिली दहा मिनिटं घालवणं. सोडून दिला.

खरी चूक मात्र यातल्या कशाने सुटत नाही. पोरांचं काम सिस्टिमच्या थरात मिसळू द्यायलाच नको होतं. प्रत्येकाला एक जीबीची वेगळी डिस्क, होमवर माउंट केलेली; सिस्टिमचा थर हवा तेव्हा फेकावा, नवा बनवावा, नव्या बेसवर बसवावा. स्क्रिप्टमध्ये तीन-चार ओळी वाढल्या असत्या. जानेवारीत हे मला सुचलं होतं आणि 'पुढच्या वर्षी' म्हणून ठेवून दिलं होतं. पुढच्या वर्षी केलं.

आता मी त्या कॉलेजात नाही. जानेवारीत भाऊंचा फोन आला. "सर, व्ही थ्री बनवलं. पीएचपी टाकलं त्यात." मी विचारलं, काही अडचण? "नाई. झिरो दाबून पाह्यलं मुद्दाम. त म्हनते, अशी मशीनच नाई."